साकवाच्या मधल्या दगडापाशी

तात्या, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. एसटीत तुमच्याबरोबर जन्म काढलेली माणसं आहेत, तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेली तुमची लेक लताताई आहे, आणि तुमच्याशी निम्मं आयुष्य भांडलेले किसनआण्णाही आहेत. माझी तुमची खरी ओळख गेल्या दिवाळीपासूनची. त्याआधी तुम्ही माझ्यासाठी फक्त वरच्या वाडीतले मोठ्या आवाजाचे तात्या होता. पण मंडळाच्या बैठकीत सुमनकाकू म्हणाल्या, "जत्रंच्या अंकात तात्यांवर कुणीतरी लिवलं पायजे," आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आपल्या गावात कॉलेजात गेलेला माणूस म्हणजे सगळं येणारा माणूस. त्याला पाण्याची मोटर दुरुस्त करता येते, तलाठ्याला अर्ज लिहिता येतो, म्हशीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचता येतं. मी म्हणालो, "काकू, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. मला रिपोर्ट लिहिता येतो, लेख नाही."

"मग रिपोर्टच लिव," काकू म्हणाल्या. "फकस्त त्यात तात्या असू द्येत."

म्हणून लिहितोय. काही चुकलं तर पोटात घाला. नाहीतर नेहमीसारखं सगळ्यांसमोर ओरडा, मला चालेल. खरं तर तेच जास्त चालेल.

दिवाळीच्या सुट्टीला मी भोरहून दुपारची गाडी धरली तेव्हा मांडीवर एक खोकं होतं. तुम्ही कंडक्टरच्या सीटशेजारी बसला होता. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ती जागा तुमचीच. खरा कंडक्टर तिकिटं फाडत होता आणि तुम्ही मागं बघून ओरडत होता, "मधी सरका, मधी जागा हाय, दाराशी काय देव बसलाय?" नवा कंडक्टर बिचारा हसत होता. त्याला बहुतेक आधीच्या कंडक्टरनं सांगून ठेवलं असावं.

धरणाच्या कडेला ड्रायव्हर चहाला उतरला आणि तुमची नजर माझ्या खोक्यावर गेली.

"काय रं, कुणाचा तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"म्हंजी इंजिनेर तूच. खोक्यात काय?"

"दिवे आहेत, तात्या."

"लग्नाचे?"

"नाही. हात धरल्यावर लागणारे."

एवढंच बोलून मी गप्प बसायला हवं होतं, पण तुम्ही गप्प बसू देणारे नव्हता. खोकं उघडायला लावलंत. आत दोन पितळी नळ्या, एक छोटी डबी, सेल आणि दिव्यांची एक पट्टी. एक नळी एकानं धरायची, दुसरी दुसऱ्यानं, आणि मधल्या माणसांनी एकमेकांचे हात धरायचे. हातातून हातात अगदी बारीक करंट जातो, इतका बारीक की कळतसुद्धा नाही, आणि दिवे लागतात. एकानं जरी हात सोडला तरी विझतात. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात मी ते केलं होतं. तिथं चार मित्रांनी बघितलं आणि मोबाईल काढून पुढं गेले.

तुम्ही मात्र उभे राहिलात आणि गाडीचा ताबा घेतलात. एक नळी पुढच्या सीटवरच्या मास्तरांच्या हातात, दुसरी मागच्या सीटवर कोंबडी घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात. "धरा हात, लाजू नका, याला तिकीट न्हाई." एक म्हातारी म्हणाली, "मला शाक बसंल." तुम्ही म्हणालात, "म्हातारे, तुझा त्यालाच बसंल." मधल्या सीटवर एक नवं जोडपं होतं, त्यांना हात धरायची लाज वाटत होती. "घरचीच हाय न्हवं?" तुम्ही विचारलंत आणि सगळी गाडी हसली. मग पट्टी लागली. दुपारचं ऊन होतं, उजेड फारसा दिसत नव्हता, पण गाडीत जो आवाज झाला तो ऐकून ड्रायव्हर चहाचा कप घेऊनच पळत आला. त्याला वाटलं, कुणीतरी पडलं.

 गाडी हिर्डोशीच्या पुढं चढाला लागली तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "हे साकवावर लागंल काय रं?"

अंक बाहेरगावचेही वाचतात, म्हणून साकवाचं थोडं सांगतो. तात्या, तुम्ही तेवढं सोडून द्या, तुम्हाला सगळं माहीत आहे. आपल्या गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. मधे ओढा. ओढ्यावर साकव, म्हणजे माणसांनी चालण्यापुरता अरुंद पूल. चैत्रात भैरोबाची जत्रा असते आणि पालखी वरच्या वाडीतून साकवावरून खालच्या वाडीत जाते. एके वर्षी साकवावरच भांडण झालं. वरचे म्हणाले, साकव संपेपर्यंत खांदा आमचा. खालचे म्हणाले, साकव सुरू झाला की खांदा आमचा. वरच्यांच्या पुढं तुम्ही होता, खालच्यांच्या पुढं किसनआण्णा. ओढाओढीत देवाची छत्री ओढ्यात पडली. तेव्हापासून रीत अशी आहे की वरच्या वाडीचे लोक साकवाच्या मध्यावर एका दगडावर पालखी टेकवतात आणि मागं न बघता परत फिरतात. ते साकवावरून उतरले की मग खालच्या वाडीचे येतात आणि पालखी उचलतात. कुणी कुणाच्या हातात पालखी देत नाही.

मी लहानपणापासून ते बघत आलो. मला वाटायचं, सगळीकडंच देवाला अशी विश्रांती देत असतील. तुम्ही म्हणालात तेव्हा पहिल्यांदा ते मला दिसलं. "तेवढा वेळ द्येव एकटा बसतो," तुम्ही म्हणालात. "जत्रा आसती त्याची, वाजाप थांबल्यालं आसतं, आन् तो मधी एकटा. मला न्हाई बगवत."

तुमची कल्पना त्या एका वेळेपुरती होती. पालखी दगडावर टेकली की दोन्ही वाड्यांच्या माणसांनी दोन्हीकडून येऊन हात धरायचे. साखळी पालखीपाशी जुळली की साकवावर दिवे लागतील. जोवर हातात हात, तोवर उजेड.

मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत नव्हती हे एक, आणि दुसरं म्हणजे आजवर माझ्या शिक्षणातलं गावात कुणी काही मागितलं नव्हतं.

मग सुरू झालं आपलं नियोजन. मी शनिवार-रविवार पुण्याहून यायचो आणि तुमच्या ओट्यावर बैठक बसायची. मंडळाची पोरं, बचत गटाच्या बायका, मधे तुम्ही. बचत गट दोन्ही वाड्यांचा एकच आहे, कारण बायकांचं भांडण कधी नव्हतंच. "त्यांनी द्येवाची छत्री पाडली, आमी कशाला आमचा पापड मोडू?" असं सुमनकाकूंचं म्हणणं. दिवे उघडे ठेवायचे नाहीत, त्यांना आडोसा हवा, हे काकूंनीच काढलं. मी प्लास्टिकचे गोल बघून आलो होतो. काकूंनी चुलीमागची तांदूळ धुवायची रोवळी आणून माझ्या दिव्यावर पालथी घातली. बांबूच्या विणीतून भिंतभर उजेडाची जाळी पडली.  "घरटी एक रोवळी," काकू म्हणाल्या. "दोनी वाड्यांतनं."

मला वाटायचं, मी वायरी आणि डबी सांभाळायची आणि बाकीचं तुम्ही. पण तुम्ही मला सुटू दिलं नाहीत. प्रत्येक नव्या माणसासमोर मला उभं करायचात. "सांग यांना, करंट कसा जातो." कॉलेजात मी वर्गात कधी हात वर करत नाही, तात्या. प्रश्न मनात मराठीत येतो आणि इंग्रजीत करीपर्यंत तास संपतो. तुमच्या ओट्यावर मला ती पळवाट नव्हती. मी सांगायला लागलो की करंट म्हणजे पाटाचं पाणी. बांध कुठं फुटला की खालच्या शेताला पाणी नाही, तसं एक हात सुटला की दिवा नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं की माघ महिन्यात सेमिनार होता तेव्हा फळ्याजवळ उभा राहून मी पाटाचंच पाणी सांगितलं, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं आपल्या बोलीत. सर म्हणाले, हे कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. सरांना वाटलं, तुम्ही प्राध्यापक असाल. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही हे गाडीभर सांगत सुटला असता, म्हणून पुढं ढकलत राहिलो.

पहिली चाचणी तुमच्याच अंगणात झाली. आठवते ना? आठवेलच. लताताई माहेरी आली होती आणि सकाळी तिनं कौतुकानं अंगण शेणानं सारवून ठेवलं होतं, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून. सगळ्यांनी सारवलेल्या अंगणात येताना चपला काढल्या. मी एका टोकाला नळी देऊन दुसरी तुमच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता मधल्यांनी हात धरा." अजून कुणी हातही उचलला नव्हता, तोच दिवे लागले.

काकूंनी दोन्ही हात जोडले. "भैरोबा पावला!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी गुलाल आणायला धावलं. मी एकटा डबी हलवून बघत होतो, कारण हात न धरता दिवे लागणं म्हणजे आमच्या शास्त्रात पावणं नव्हे, बिघडणं. मला कळायला वेळ लागला. सारवण ओलं होतं, पाय उघडे होते आणि करंटला माणसांची गरजच उरली नव्हती. तो जमिनीतून जात होता. मी हे घाबरत घाबरत सांगितलं. आता सगळ्यांचा उत्साह जाणार असं वाटलं. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "म्हंजी जिमीन आदीच जुडल्याली हाय," तुम्ही म्हणालात, "आडमुठी हायत ती मान्सं."

पण अडचण खरी होती. पालखीसमोर चपला घालून कोण उभं राहणार? आणि जत्रेत साकव धुतलेला असतो. त्यावर बराच खल झाला. शेवटी पोरांनी युरियाच्या रिकाम्या गोण्या अंथरायचं ठरवलं, प्लास्टिकमधून करंट जात नाही. त्यावर सतरंजी टाकायची म्हणजे देवासमोर गोणी दिसणार नाही. गोण्यांवर उभं राहून परत चाचणी घेतली तर आता दिवे लागेचनात! गाडीत उन्हानं हात घामेजलेले होते; इथं भातशेतीच्या हातांना घट्टे, कातडी कोरडी ठणठणीत, करंट आत शिरायलाच तयार नाही. सुमनकाकू तेवढ्या भांडी घासून तशाच ओल्या हातानं आल्या, त्यांनी हात धरला आणि पट्टी थोडी चमकली. मग तुम्ही तांब्या मागवलात आणि पंगतीला बसल्यावर घालतात तसं एकेकाच्या हातावर पाणी घालत गेलात. दिवे लागले. तिथंच ठरलं, जत्रेला साकवाच्या दोन्ही टोकांना तांबे ठेवायचे आणि हातावर पाणी घेऊनच साखळीत उभं राहायचं.

हे सगळं जमलं. जमत नव्हती ती एकच गोष्ट. मधल्या दगडापाशी वरच्या वाडीच्या हातात हात देणारा खालच्या वाडीचा माणूस.

देवळातली बैठक मी विसरणार नाही. तुम्ही आणि किसनआण्णा एकाच खांबाला दोन बाजूंनी टेकून बसला होता आणि दोघांच्या मधे मी. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, तिसऱ्याकडून निरोप देता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण निरोप्याची काय गत होते ते मला त्या दिवशी कळलं.

"त्याला इचार," आण्णा म्हणाले, "शाक लागून कोन पडलं तर?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "त्याला सांग, त्याच्या जिबंत जेवडा करंट हाय त्याच्या निम्मा बी ह्यात न्हाई."

"त्याला म्हनावं, मंग माजी जीबच लाव साकवाला."

"त्याला म्हनावं, लावली आसती, पन द्येव पळून जाईल."

लोक हसत होते. आण्णासुद्धा मिशीत हसले, मी बघितलं. मला वाटलं, जमलं. आणि मग ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खालची वाडी दगडापत्तुर यील. हात देनार न्हाई. रीत ती रीत."

झालं. अख्खी साखळी तयार आणि मधे एका हाताची फट.

घरी येताना मी तुम्हाला माझा उपाय सांगितला. मला तो चांगला वाटत होता, अजूनही वाईट वाटत नाही. डबी बदलून दोन भाग करता येतील. वरच्या वाडीची साखळी जुळली की साकवाचा वरचा अर्धा उजळेल, खालच्या वाडीची जुळली की खालचा. कुणी कुणाला हात द्यायला नको, रीतही मोडणार नाही आणि जत्रेला अंधारही होणार नाही.

तुम्ही रस्त्यात थांबलात. "न्हाई."

"तात्या, त्यांनी हात दिलाच नाही तर?"

"तर अंदार."

"लोक काय म्हणतील? एवढ्या रोवळ्या टांगल्या आणि..."

"तुला म्हनतील, शिकून काय दिवं लावलंस! मला म्हनतील, म्हातारा चळला. म्हनू द्येत." मग थोडं चालून म्हणालात, "अर्दं अर्दं लावलंस तर दोनी वाड्या खूश हून घरी जातील. मंग काय उपेग?"

तात्या, तुम्हाला लोक काहीही म्हणाले असते तरी तुम्ही तात्याच राहिला असता. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेतानं दिवस काढलेत. मुलगा शिकायला गेला तेव्हाही ते लोकांना हळू आवाजात सांगत होते. साकव काळोखात राहिला असता तर पहिल्यांदा मान त्यांची खाली गेली असती. हे मी तुम्हाला तेव्हा बोललो नाही. मी तेच ते तांत्रिक बोलत राहिलो, डबी, वायर, दोन भाग. तुम्हाला ते कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. कारण पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या वडिलांच्या खळ्यावर जाऊन बसलात आणि काय बोललात ते दोघांनीही मला सांगितलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "तात्या म्हनतील तसं कर. लोकांचं मी बगतो." लोकांचं मी बघतो! माझे वडील!

होळीनंतर तुमचा खोकला छातीत उतरला आणि तुम्हाला भोरला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला आलो तेव्हा नाकाला नळी होती आणि तरी तुम्ही शेजारच्या कॉटवरच्या माणसाला साकवाचा नकाशा हवेत बोटानं काढून दाखवत होता. मला बघितल्याबरोबर म्हणालात, "आला बगा इंजिनेर. दोन भाग केलंस काय रं?"

"नाही केले. पण करायला एक दुपार पुरेल."

"न्हाई करायचं."

"तात्या, आण्णा ऐकत नाहीत. काकूंनी सांगून बघितलं, मास्तरांनी सांगितलं."

"आयकंल."

"आणि नाही ऐकलं तर?"

आपले आवाज चढले. नर्सबाई आल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं. दारातून मी मागं बघितलं तर तुम्ही नळीसकट हसत होता आणि बोट नाचवून नाही म्हणत होता. आपलं शेवटचं बोलणं ते भांडणच. मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण आठवलं की हसूच येतं.

त्या आठवड्याच्या रविवारी आम्ही साकवावर रोवळ्या टांगून अंतरं मोजत होतो. वरच्या वाडीच्या रोवळ्या आल्या होत्या. खालच्या वाडीच्या बायकांनीही एकेक करून पदराआड आणून दिल्या होत्या, त्यात आण्णांच्या घरचीही एक होती. उन्हं उतरताना आण्णा म्हशी घेऊन आले. साकवाच्या तोंडाशी थांबले. म्हशी ओढ्यात उतरल्या तरी हे उभेच.

"काय म्हनतोय तो?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. खोकला आहे अजून."

"भांडतोय काय?"

"हो. नर्सबाईंशी पण भांडतात."

"मंग बरा हुईल." आण्णा साकवावर आले, मधल्या दगडापर्यंत चालत आले आणि एका रोवळीला बोट लावून तिला गिरकी दिली. बराच वेळ ती फिरत होती. "पालखी टेकल्यावं मागं बगायचं न्हाई, ही रीत," ते म्हणाले. "मी दरसाली बगतो. त्यो बी बगतो. दोगंबी बगतो आन् दोगंबी म्हनतो, न्हाई बगितलं." मग मला म्हणाले, "त्याला सांग, दगडापाशी खालच्या वाडीचा हात माजा. वरचा त्यानं सोता यून द्यावा. दुसरा कुनी पाटवला तर मी न्हाई द्येनार."

मी तिथंच उडी मारली, तात्या. वायर पायात अडकून पडलो, ते सोडा.

तुम्हाला कळवायचं कसं? साकवापाशी रेंज नाही. टेकडीवर चढून, दवाखान्यात तुमच्यापाशी असलेल्या लताताईला फोन लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशी पुण्यात माझी प्रॅक्टिकल परीक्षा. सकाळच्या गाडीनं भोरला आलो तेव्हाही ताईचा फोन बंदच, दवाखान्यात भेटायची वेळ नव्हती आणि पुण्याची गाडी लागलेली. मग मी तुमच्याच रस्त्यानं गेलो. आमच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, "तात्यांना निरोप द्यायचाय. किसनआण्णा स्वतः हात देणार म्हणाले." तो म्हणाला, "मला गाडी घेऊन मागं फिरायचंय, पण दुपारी सुट्टी होणारा कंडक्टर दवाखान्यावरूनच जातो, त्याला सांगतो." मी पुण्याच्या गाडीत बसलो. परीक्षा बरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलवर वडिलांचा फोन आला, की तुम्ही दुपारी गेलात.

निरोप पोचला की नाही, हे मला कळेना. ज्याच्यापाशी दिला होता तो कंडक्टर दुसऱ्या रूटवर गेला होता. लताताईला विचारणार कसं? ती रडत असताना मी साकवाचं कसं काढणार? ओढ्याकाठी तुम्हाला नेलं तेव्हा किसनआण्णा माझ्याशेजारी उभे होते. जाळ मोठा झाला तसे ते माझ्याकडं वळले, "त्याला सांग..." म्हणाले आणि थांबले. मी त्यांचा हात धरला. कोरडा, घट्ट्यांचा हात. आम्ही तसेच उभे राहिलो.

तुम्ही ते बघितलं असतं तर काहीतरी खवचट बोलला असता आणि आम्हाला मोकळं केलं असतं.

जत्रा आता जवळ आली आहे. साकव तयार आहे. वरच्या वाडीकडून दगडापाशी लताताई उभी राहणार आहे, आण्णांनी तिला चालवून घेतलं. "त्याचीच हाय, आन् तोंड बी त्याचंच हाय," असं म्हणाले. डबी मी एकच ठेवली आहे, दोन भाग केले नाहीत. पण तात्या, आण्णा नाही म्हणाले असते तर तुमचा हट्ट चुकीचा ठरला असता, असं मला अजून वाटतं. आपलं भांडण मिटलं असं समजू नका.

काल तुमची दशक्रिया झाली. जेवणं उरकल्यावर लताताई रोवळ्या मोजायला साकवावर आली आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, आण्णांचं तात्यांना कळलं होतं का?"

ताई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं न्हाई? अरं, दुपारी एक कंडक्टर खाकी ड्रेसवरच वॉर्डात शिरला. नर्सबाई अडवाय लागल्या तर म्हणला, ड्यूटीवर हाय, निरोप द्यायचाय. बाबांनी त्याला तीनदा बोलायला लावलं. 'किसन्या म्हनला? सोता? तोंडानं?' मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून किसन्या ऐकलं. मग बराच वेळ गालावरनं हात फिरवत बसले आणि मला म्हणाले, 'लते, सकाळी न्हावी बोलीव. आसल्या तोंडानं फुडं हुबा ऱ्हायलो तर जलमभर चिडवंल त्यो.'"

न्हावी सकाळी येऊन गेला, ताईनं सांगितलं. दाढी होईपर्यंत तुम्ही त्याला बजावत होता, "मिशीला हात लावू नगं, त्याची माज्यापरीस मोटी हाय."